खोलीचा आवाज

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. कामाला पक्की आणि बोलायला त्याहून धारदार, म्हणून. दोन तासांच्या मुलाखतीतून नेमकं सव्वा मिनिट उचलावं तर ते कात्रीनेच, हे निर्मातीबाईसुद्धा मान्य करायच्या, आणि निर्मातीबाई सहसा कुणाचं काही मान्य करत नसत. त्यामुळे सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्तची फिल्म तिच्याकडे आली यात नवल काहीच नव्हतं. पण या धंद्यात पडल्यापासून ती याच माणसाची वाट बघत होती, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

सर म्हणजे माहितीपटांतलं बडं प्रस्थ. बक्षिसांनी कपाट भरलेलं आणि तोंडात उठता-बसता 'सत्य'. त्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं ते शिवणकारखान्याच्या आगीवरच्या फिल्मला. मागच्या दाराला कुलूप होतं, चार बायका आतच गेल्या. फिल्ममध्ये सर विचारतात, "त्या दिवशी मागच्या दाराची किल्ली कुणाकडे होती?" आणि पडद्यावर येते कारखान्याची सुपरवायझर. ती बोलत नाही. खाली बघते, बोटं चोळते, परत खाली बघते. बावीस सेकंद. लोकांना आणखी काय पुरावा हवा होता?

ती सुपरवायझर म्हणजे कात्रीची आई.

आणि आईने उत्तर दिलं होतं हो. चांगलं घडाघडा दिलं होतं. किल्ली मालक खिशात घालून घेऊन गेला होता, आणि दार उघडं राहू द्या म्हणून तिने त्याला दोनदा लेखी कळवलं होतं. सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, "आता जरा गप्प बसा, खोलीचा आवाज घ्यायचाय." बसली बिचारी. हे तिने शेजाऱ्यांना सांगितलं, पत्रकारांना सांगितलं, सख्ख्या भावाला सांगितलं. मामा म्हणाला, "ताई, आता पुरे." चौकशीत तिच्यावर काहीच सिद्ध झालं नाही, पण चौकशीचे कागद कोण वाचतो? फिल्म सगळ्यांनी पाहिली होती. नोकरी गेली, गल्लीत नाव पडलं कुलूपवाली. कात्री तेव्हा दहा वर्षांची होती. वर्गात तिच्या बाकावर कुणी बसेना.

खोलीचा आवाज म्हणजे काय, हे तिला या धंद्यात पडल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. पंखा, बाहेरची रहदारी, भिंतीमागचा नळ. मुलाखत संपली की माणसाला अर्धं मिनिट गप्प बसवून तो टिपून ठेवतात. पुढे तुकडे जोडताना सांधे झाकायला उपयोगी पडतो. कॅमेरा तेव्हा बहुतेकदा चालूच राहिलेला असतो. आणि विनाकारण गप्प बसवलेला माणूस, बघा हवं तर, अगदी चोरी पकडल्यासारखा दिसतो. हे कळलं त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. वचपा काढायचा, हे तिने तिथेच ठरवलं.

सरांच्या घरी ती एकटीच गेली. कॅमेराही तीच लावणार, प्रश्नही तीच विचारणार. भरपूर पुस्तकं असलेली खोली, खिडकीतून छान सकाळचा उजेड. दोन तास तिने म्हाताऱ्याला मनसोक्त हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, कारखान्याच्या फिल्ममधल्या त्या बाई, त्या तुमच्या प्रश्नावरच गप्प बसल्या होत्या का?"

तिला वाटलं होतं, थेरडा उडवाउडवी करेल. तेच तिला हवं होतं. सरांनी चष्मा काढला.

"नाही," ते म्हणाले. "त्यांनी उत्तर दिलं होतं. ते मी काढून टाकलं आणि ती शांतता नंतरची उचलून लावली. फिल्मला जोर येत नव्हता. त्या बाई आज कुठे असतील मला माहीत नाही. त्यांचं मी वाटोळं केलं. हात जोडून माफी मागतो." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

कात्रीच्या अंगाची लाही लाही झाली. अठरा वर्षं मूग गिळून बसला, आणि आता स्वतःच्या कौतुकाच्या फिल्ममध्ये माफी मागून हा आणखी मोठा होणार. लोक म्हणणार, बघा, काय मन आहे. टाळ्या पडणार. हात जोडताना त्याने चेहरा किंचित उजेडाकडे वळवला, हेही तिला दिसलं. निदान तिला तसं वाटलं.

"सर, आता अर्धं मिनिट गप्प बसाल? खोलीचा आवाज घेते."

"पाऊण मिनिट घे," सर म्हणाले. "मागाहून कमी पडला की बोंब होते."

म्हातारा पाऊण मिनिट गप्प बसला. खाली बघत, अंगठ्याने तळहात चोळत. यापेक्षा चांगलं काम त्याने आयुष्यात केलं नसेल.

जोडायला तिला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिचा प्रश्न, आणि पुढे म्हाताऱ्याचं तोंड. बावीस सेकंद, एक कमी नाही, एक जास्त नाही. मग तिने ते उत्तर मूळ डिस्कवरून आणि तिच्या प्रतीवरूनही पुसलं. उद्या कुणी मागितलं तर दाखवायला काही उरता कामा नये. पुसून झाल्यावर बऱ्याच वर्षांनी तिला कडकडून भूक लागली. निर्मातीबाईंनी ती शांतता बघितली आणि नुसत्या कौतुकापेक्षा हे बरं म्हणून तशीच राहू दिली.

सत्काराला सभागृह भरलं होतं. तो प्रश्न आला, ती शांतता आली, आणि बाराव्या-तेराव्या सेकंदाला पहिल्या रांगेतून सर उठून उभे राहिले.

"हे खोटं आहे. मी उत्तर दिलं होतं. मी माफी मागितली होती त्या बाईंची. ही शांतता खोलीच्या आवाजाची आहे."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेजारचे गृहस्थ त्यांची बाही ओढत म्हणाले, "सर, राहू द्या आता, बसा." मागून कुणीतरी हसलं. म्हातारा सारवासारव करतोय, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कात्री भिंतीला टेकून ते एकेक तोंड बघत राहिली. हीच तोंडं तिने गल्लीत बघितली होती. तिला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही.

नंतर जिन्यात सरांनी तिला गाठलं. "मूळ चित्रीकरण कुठे आहे?"

"पुसलं."

"कोण तू?"

"कुलूपवालीची मुलगी," ती म्हणाली. म्हाताऱ्याने कठडा धरला आणि तिथेच पायरीवर बसला. ती त्याला वळसा घालून खाली उतरली.

रविवारी दुपारी फिल्म टीव्हीवर लागली. आईला तिने मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. नुसतं हात धरून कोचावर बसवलं. आई उशीचा उसवलेला अभ्रा शिवत बसली होती. प्रश्न ऐकला आणि तिचा हात थांबला. कात्री टीव्हीकडे बघतच नव्हती, ती आईकडे बघत होती.

"याला गप्प बसायला सांगितलंय," आई म्हणाली.

"आई, तो गप्पच बसला. जिरली त्याची. सगळ्यांसमोर जिरली."

"मला नको शिकवूस. मी पण अशीच बसले होते." आईने सुई अभ्र्यात खोचली. "त्याआधी काय म्हणाला तो?"

खोटं बोलणं कात्रीला अवघड नव्हतं. पण आईशी तिला ते कधीच जमलं नव्हतं.

"माफी मागितली. तू उत्तर दिलं होतंस, ते त्याने काढलं, तुझं वाटोळं केलं, असं म्हणाला. हात जोडून."

आई रडेल असं तिला वाटलं. आई रडली नाही. तिने केस सारखे केले, चष्मा पुसला, आणि घरात पाहुणे यायचे असावेत तशी नीट सावरून बसली.

"दाखव मला."

"आई, ऐक ना."

"अगं दाखव की. थांब, मामाला बोलावते. खालच्या मजल्यावरच्या बाईलाही बोलावते, ऐकू दे तिलाही." ती उठून फोन शोधायलाही लागली होती.

"पुसून टाकलं मी."

आई तशीच उभी राहिली. "सगळं?"

"सगळं. पण मला शब्द न् शब्द पाठ आहे, आई. मी सांगते मामाला. मी सांगते सगळ्यांना."

"तुझं कोण ऐकणार गं," आई म्हणाली. "तू तर माझीच मुलगी."