दोन बोटांएवढा घास

"भाभी, ह्याला ब्रेड म्हणायचं का वरवंटा?" मी विचारलं.

ताहेराबीने ओव्हनमधून काढलेला तो काळपट ठोकळा ओट्यावर आपटून पाहिला. टक्क असा आवाज आला. आतल्या खोलीत खाटेवर पडलेले जाफरभाई हसले असावेत, कारण लगेच खोकल्याची उबळ आली. हसणंसुद्धा त्यांना महागात पडायचं.

"ज्वारीला विरी नसती, क्षमाताई," ती म्हणाली. "गव्हावानी ताणत न्हाय. फुगायच्या आधीच बसती." आणि कानामागची पेन्सिल काढून ती वहीत लिहू लागली.

वही ब्लाऊजच्या मापांची. ताहेराबी तीस वर्षं आमच्या तेर गावात बायकांचे ब्लाऊज शिवत आली आहे. माझेही तिनेच शिवले, आणि दर वेळी बाही घट्ट करून माझी बोलणी खाल्ली. त्या वहीत 'गौराबाई, छाती छत्तीस, बाही सात' याच्या खाली आता लिहिलं होतं, 'ज्वारी दोन वाट्या, मैदा एक. दगड झाला.'

जाफरभाईंनी जन्मभर टेम्पो चालवला आणि जन्मभर गालात तंबाखू धरली. मी अंगणवाडी सेविका. तंबाखूच्या पोस्टरला खळ लावून भिंतीवर चिकटवायचं काम माझंच. ते पोस्टर दाखवून मी त्यांना शंभरदा म्हटलं असेल, भाई, सोडा हे. ते म्हणायचे, सोडतो ताई, एवढी पुडी संपू द्या. पुडी काही संपली नाही. गालात गाठ आली, बार्शीला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले. शेकांनी तोंड आतून सोलून निघालं, लाळ आटली आणि जबडा आखडत गेला. डॉक्टर तोंडात बोटं घालून बघायचे. आधी तीन बोटं जायची, मग दोनच जायला लागली. घास केवढा करायचा हे त्या दोन बोटांवर ठरायचं.

दुकानातला ब्रेड दुधात बुडवून दिला की ते दोन घास खायचे आणि मान फिरवायचे. "हे आजाऱ्याचं खाणं हाय," म्हणायचे. त्यांचं बोलणं आता तोंडातल्या तोंडात घोळायचं, ते ताहेराबीलाच कळायचं. "मला भाकर पायजे."

साठ वर्षं ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस, दुसरं काय मागणार? तिने भाकर दुधात कुस्करून दिली. तिचा रवा सोललेल्या तोंडाला वाळूसारखा लागला. भाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी तो घास थुंकला नाही. गिळेपर्यंत पाव तास लागला. ताहेराबी त्या दिवशी आमच्या मागच्या दारी येऊन रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वजन उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी या, पोटात नळी बसवू. मग तोंडाने काही द्यायचं नाही.

"नळीच्या आधी एकदा भाकर," भाई म्हणाले.

म्हणून हा सगळा खटाटोप. ब्रेडसारखं मऊ आणि चवीला भाकर, असं काहीतरी तिला सोमवारच्या आत जमवायचं होतं. सोलापूरला दिलेल्या लेकीने, जास्मिनने, छोटा ओव्हन पाठवला, मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. व्हिडिओतल्या बायका गोऱ्यापान मैद्याचे गोळे बोटाने दाबत हसायच्या. ताहेराबी चष्मा लावून ते चार चारदा बघायची आणि म्हणायची, "ह्यांच्यात ज्वारी कोनी घालत न्हाय का?"

मी चव बघायला होते. माझी जीभ तिखट, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. ओवा घातला, तो भाईंच्या तोंडाला झोंबला. भाजलेले तीळ घातले, ते घशात अडकले. शेपू घातला तर मीच म्हटलं, भाभी, ही भाकर नाही, भाजी झाली. जवस कुटून घातला, केळं घातलं, एकदा तर शिळी आंबील घातली. ती वहीत लिहायची. 'आंबील. वास बरा. आंबट झाला. नको म्हणाले.'

मग एक दिवस तिचं तिलाच सुचलं. ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात घालून तिने उकड काढली, ती गार करून मैद्यात मळली, ताकाचा हबका दिला आणि यीस्ट घालून ओल्या फडक्याखाली ठेवली. त्या दिवशी ब्रेड फुगला. कापल्यावर आतून ओलसर, मऊ, रंगाने भाकरीसारखाच. ताहेराबीने कडा काढून टाकल्या, मऊ भागाचा दोन बोटांएवढा तुकडा केला, दुधाच्या वाटीत बुडवला आणि भाईंच्या तोंडात ठेवला.

त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ तो घास तोंडात धरून ठेवला.

"जवळ आली," ते म्हणाले. "लई जवळ. एक ऱ्हायलं."

"काय ऱ्हायलं? मीठ?"

त्यांनी नाही अशी मान हलवली.

"मग काय, सांगा की."

त्यांना शब्द जुळेना. तोंड वाकडं झालं, घरघर झाली, आणि वैतागून त्यांनी हात उचलून भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे माझं परस. तिथे माझी चूल. संध्याकाळच्या भाकरी मी तिच्यावरच करायची. गॅसवरची भाकर मला स्वतःलाच आवडत नाही. तेव्हा नुकतीच चूल पेटवून मी इकडे आले होते आणि धूर भिंतीवरून आत येत होता. बोट दाखवता दाखवता भाईंना खोकला लागला.

"धूर होतोय त्यांना, क्षमाताई," ताहेराबी म्हणाली. "थोडे दिवस चूल बंद ठेवताल का?"

मला माझीच लाज वाटली. कॅन्सरचा माणूस भिंतीला लागून झोपलेला आणि मी त्याच्या नाकात धूर सोडतेय. मी घरी गेले, चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि त्या दिवसापासून गॅसवर भाकरी करू लागले.

त्यानंतरही भाई अधूनमधून भिंतीकडे बोट करायचे. मी मोठ्याने सांगायची, "बंद केली भाई चूल. आता धूर न्हाय यायचा." ते माझ्याकडे बघत राहायचे आणि मग हात खाली टाकायचे. मला वाटायचं, बरं वाटलं असेल त्यांना.

ताहेराबी ते राहिलेलं एक शोधत राहिली. माझ्या भावाच्या शेतातली मालदांडी ज्वारी आणली. मीठ कमी केलं, जास्त केलं. उकड जास्त शिजवली. पहाटे मळलं, दुपारी मळलं. भाई प्रत्येक वेळी एक घास घ्यायचे आणि एक बोट वर करायचे. एक राहिलं.

सोमवारी नळी होती. रविवारी पहाटेच्या नमाजानंतर तिने शेवटचं पीठ भिजवलं. जास्तीचं भिजवलं, चुकलं तर दुसरा घाणा काढता यावा म्हणून. जुन्या ब्लाऊजपीसचं फडकं ओलं करून त्यावर टाकलं आणि भाईंचं तोंड पुसायला गेली. आठ वाजता तिने मला हाक मारली. हाक नेहमीसारखीच होती, म्हणून मी हातातला झाडू ठेवून सावकाश गेले. भाई गेले होते.

मग माणसं येत गेली. नणंद झरीन आली, जास्मिनची गाडी सोलापूरहून निघाली. दुपारच्या नमाजानंतर जनाजा उठला. मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी द्यायचं. तीस-चाळीस माणसांच्या भाकरी गॅसच्या शेगडीवर कधी होणार? मी परसातली चूल झाडली, सरपण रचलं आणि महिन्याभराने पेटवली.

पिठलं न्यायला भांडं मागायला म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात गेले, तर ते पीठ पातेल्याच्या काठावर आलेलं होतं. फडकं टोपीसारखं वर उचललं गेलं होतं. झरीन म्हणाली, "हे बकऱ्यांना घाला जाऊन. ह्या घरात आता भाजायचं न्हाय."

ताहेराबी दाराशी भिंतीला टेकून बसली होती. तिने पातेल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"घेऊन जाते," मी म्हटलं.

मला ब्रेड कुठे येतो करता? ओव्हन तिच्या घरात, आणि दुपारची लाईटही गेलेली. मी माझ्या चुलीपुढे बसले आणि मला जे येतं तेच केलं. पिठाचे तीन गोळे केले. ते हाताला चिकटायला लागले म्हणून ज्वारीच्या पिठात लोळवून परातीत थापले. तव्यावर टाकून सवयीने वरून पाण्याचा हात फिरवला, उलटल्या, आणि शेवटी भाकर लावतो तशा निखाऱ्यांना उभ्या लावल्या. त्या फुगल्या. वर काळे डाग पडले. ना ब्रेड ना भाकर असलं काहीतरी झालं. एवढ्या दिवसांच्या तिच्या मेहनतीचं मी मातेरं केलं असं मला वाटलं, पण टाकवेना. बाकीच्या भाकरींच्या वर ठेवून घेऊन गेले.

बायका आतल्या खोलीत जेवायला बसल्या. मी त्यातली एक ताहेराबीच्या ताटात वाढली आणि म्हटलं, "भाभी, तुमचंच पीठ. मला नीट न्हाय जमलं. दोन घास खा."

तिने ती उचलली. नाकाशी नेली. आणि मग पुष्कळ वेळ खालीच ठेवली नाही.

"चुलीवर केली?"

"व्हय."

"निखाऱ्याला लावली?"

"व्हय. का?"

तिने भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. भिंतीवरून माझ्या चुलीचा धूर आत येत होता, खाटेच्या रिकाम्या जागेवर. खाट केव्हाच अंगणात उभी करून ठेवली होती.

"हेच ऱ्हायलं होतं," ती म्हणाली. "हेच दाखवत होते ते."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. फक्त कळसा मी विझवला होता. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून येणारा भाजल्या भाकरीचा वास, तेवढंच त्या माणसाला खाता येत होतं, आणि तेही मी बंद केलं, वर ओरडून सांगितलं की बंद केलं म्हणून.

"भाभी, म्या चूल बंद केली," मी म्हटलं.

"मीच सांगितलं होतं तुमाला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

झरीन म्हणाली, "खा ग भाभी, थोडंतरी पोटात जाऊ दे."

ताहेराबीने मान डोलावली. तिने ती भाकर मोडली. करपलेली कड सावकाश सोलून ताटाच्या बाजूला ठेवली. आतल्या मऊ भागाचा एक तुकडा काढला, तो दोन बोटांमध्ये धरून पाहिला, जरा मोठा वाटला म्हणून अर्धा केला. मग दुसरा, मग तिसरा. सगळे एका मापाचे. कापड बेततात तसे तिने ते ताटाच्या कडेने ओळीने मांडले. पहिला तुकडा उचलला आणि डावा हात बाजूला नेऊन जमिनीवर काहीतरी चाचपू लागली.

दुधाची वाटी तिथे नव्हती. झरीनला वाटलं तिला पाणी हवं आहे, तिने तांब्या पुढे सरकवला.