अण्णांचा मुटका

खालच्या जबड्याच्या डाव्या अंगाला, दाढ पडून गेलेल्या जागी, हिरडीचा तो एवढासा उंचवटा – अंगठा फिरवला की हमखास लागणारा – प्लास्टरमध्येही जसाच्या तसा उतरला होता. त्याने अंगठा पुन्हा एकदा फिरवला. काम संपलं की साचे फोडून टाकायचे हा लॅबचा शिरस्ता. हा तेवढा मेणाच्या डब्याआड राहून गेला होता, अण्णा गावी परत गेल्यापासून तसाच. लोक बापाचा फोटो जपतात, फार तर घड्याळ… याने हिरड्या जपल्या होत्या.

समोर कुणा अनोळखी बाईंची वरची कवळी पॉलिशची वाट बघत पडली होती. इतकी वर्षं या परक्या देशात तो कवळ्या करत आला, पण त्या ज्या तोंडात जाऊन बसत त्यांतल्या एकाचीही त्याला ओळख नव्हती. डॉक्टर माप पाठवत, तो मेणात दात लावी, रंग जुळवी, डबीत घालून देई, की संपलं. संध्याकाळी घरी येऊन गप्प बसे. ‘माणसांत जा जरा,’ बायको म्हणायची, ‘नुसत्या जबड्यांत राहून कुणाची ओळख होते का?’ म्हणून मग पन्नाशीच्या तोंडावर तो पोहायच्या तलावावर नाव घालून आला. नेमकं पोहणंच का, हे मात्र त्याने तिलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते – गावातल्या यच्चयावत पोरांना पोहायला शिकवणाऱ्या माणसाचा मुलगा विहिरीच्या पायरीवर बसून राहिलेला, कोरडा ठणठणीत.

दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. अण्णाच.

“कवळी सैल झालीय रे. बोलताना खाली येते. काल देवळात बोलता बोलता खाली आली, ती वरच्यावर झेलली.”

“हिरड्या बसतात अण्णा, वयाने. नवीन बसवावी लागेल.”

“इथला डॉक्टर करून देतो म्हणतोय.”

“तिथला कशाला? तुम्हीच या की इकडे. मी करतो.”

अण्णा हसले. “आता काय येऊ? दिवसभर खिडकीत बसून काय करू? तुमच्या त्या तलावाच्या पाण्यात आपल्याला बंदी. आणि आहे ते बरोबरच आहे हो! परवा इथं मंडळींना तेच सांगत होतो, तिकडं नियम म्हणजे नियम. पोराचा बाप असला तरी आत सोडत नाहीत. म्हणून तर ती माणसं पुढं गेली.”

“हो,” तो म्हणाला. “ते आहेच.”

डबा तसाच बंद केला त्याने. असा काही नियम नव्हता. कधीच नव्हता. तो नियम त्याने केला होता, स्वतःच्या स्वयंपाकघरात, ओलं डोकं टॉवेलने पुसत, अण्णांकडे पाठ करून – ‘उद्यापासून पाहुण्यांना आत सोडणार नाहीत म्हणे.’ आणि अण्णा, ज्यांनी उभ्या आयुष्यात तलाठ्याचं ऐकलं नाही की सरपंचाचं, ते एका शब्दाने म्हणाले नाहीत, का? नुसते म्हणाले, ‘असं होय. मग राहिलं.’ त्यानंतर जायच्या दिवसापर्यंत ते खिडकीपाशी खुर्ची ओढून बसत आणि तो पोहून आला की विचारत, ‘पाणी कसं होतं रे?’

पाणी कसं होतं… मी काय सांगत होतो तेव्हा? ‘ठीक’ म्हणत होतो. ठीक!

पॉलिशचं चाक फिरायला लागलं. कवळीवर चमक चढत गेली, आणि त्याला हवी नसताना ती सकाळ आठवायला लागली. अण्णा आल्यापासून रोज त्याच्याबरोबर तलावावर येत, काठच्या बाकावर बसत, चपला काढून मांडी घालून. ‘तू पोहतोस? तू?’ असं पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने पाहिलं न पाहिलंसं केलं. मग रोज बाकावरून हुकूम, सगळा तलाव दणाणेल असा – ‘पाय मार! अरे, पाय मार पाय!’ त्याची कानशिलं तापत. इथे काठावरून कुणी ओरडत नाही. इथे लोक पाण्यातही हळू आवाजात बोलतात. पण खरं सांगायचं तर… पाय जोरात बसत होते.

आणि मग ती सकाळ. अण्णा एकाएकी उठले, सदरा काढला, तो नुकता काठावर चढला होता, त्याच्याजवळ आले, तोंडातली कवळी काढून त्याच्या हातात दिली – ‘ही धर’ – आणि काय होतंय ते कळायच्या आत धावत जाऊन हवेत उंच उडाले, गुडघे पोटाशी, हातांची कवळ गुडघ्यांभोवती. मुटका! शंभर बादल्या एकदम ओतल्यासारखं पाणी उडालं. काठावर राखणीला बसणाऱ्या पोरीने – तिला तो मनातल्या मनात शिट्टीवाली म्हणत असे – जोरात शिट्टी फुंकली, पण फुंकता फुंकताच तिला हसू फुटलं आणि शिट्टी मधेच विरली. त्याच्या शेजारच्या पट्ट्यात पोहणारा बेकरीवाला, ज्याच्याशी ‘आज थंडी आहे’च्या पुढे जायला त्याला अख्खा हिवाळा लागला होता, तो नखशिखांत भिजून टाळ्या वाजवत होता. अण्णा बोळक्या तोंडाने हसत वर आले. भाषेचा एक शब्द येत नसताना त्यांनी पुढच्या घटकाभरात बेकरीवाल्याला गुडघे कसे आवळायचे ते शिकवलं, आणि तो अगडबंब माणूस शाळकरी पोरासारखा पुन्हा पुन्हा पाण्यात कोसळत राहिला. आणि हा उभा होता. बापाचे दात मुठीत धरून, काठावर.

त्याला वाटलं होतं, आपल्याला लाज वाटली. लाजेचं एक बरं असतं, ती सांगता येते. बायकोला त्याने तेच सांगितलं होतं – ‘अगं, चारचौघांत कसं दिसतं ते.’ ती म्हणाली होती, ‘चारचौघं तर हसत होते म्हणालास ना?’

संध्याकाळी तलावाच्या दारातच शिट्टीवालीने त्याला गाठलं.

“तुमचे वडील केव्हा येणार परत? मी वरच्या साहेबांशी बोलून ठेवलंय ते अजून तसंच आहे हं. सकाळी गर्दीच्या आधी, खोल बाजूला. हव्या तेवढ्या उड्या मारू देत.”

“बघू,” तो म्हणाला. “त्यांचं वय झालंय आता.”

“वय?” बेकरीवाला मागून म्हणाला, “त्यांच्यासारखी उडी मला अजून जमत नाही. त्यांना सांगा, गुडघे आवळायचे तेवढे जमलेत, पण पाणी तसं उडत नाही.”

हे परवानगीचं शिट्टीवाली त्या मुटक्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला म्हणाली होती. अण्णांना बोलवा, मी परवानगी काढलीय. तेव्हा तो म्हणाला होता, त्यांना बरं नाही. आणि घरी अण्णा खिडकीत… धडधाकट.

त्याने पाण्यात पाय सोडले. पाणी थंड होतं. तो निघाला, आणि डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर ती विहीर समोर उभी राहिली, तळाशी हिरवी, पायऱ्यांवर शेवाळ. अण्णांच्या पाठीवर कुणाचं तरी पोर, खांद्याला लोंबकळणारं दुसरं, पाठीला डबा बांधलेलं तिसरं, आणि तो पायरीवर सगळ्यांचे कपडे राखत. एकदा अण्णांनी त्याला उचलून आत नेलं होतं. तो असा काही किंचाळला की त्यांनी लगेच परत आणून ठेवलं, आणि म्हणाले होते, ‘राहू दे. नको असेल तर नको.’ त्यानंतर कधी बोलावलं नाही. तो रोज जाऊन बसायचा, आज बोलावतील म्हणून. त्यांना वाटलं असेल, पोराला नुसतं बघायला आवडतं.

लाज नव्हती ती. त्या सकाळी बेकरीवाला अण्णांच्या हातांत हात देऊन पाण्यात उडी मारत होता तेव्हा पन्नास वर्षांचा एक माणूस काठावर वस्तू राखत उभा होता, पुन्हा. दुसऱ्यांची पोरं, पुन्हा. मोठ्या मुश्किलीने जोडलेली ही चार माणसंसुद्धा अण्णांनी एका उडीत आपलीशी केली, आणि याला त्यांच्या हसण्यात जागा सापडेना. एवढीशी गोष्ट! त्याच्या आधी, त्या सगळ्या सकाळी, अण्णा त्या बाकावर बसून दुसऱ्या कुणाकडेही बघत नव्हते – हे मात्र तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. सबंध तलावात एकटा तोच त्यांना दिसत होता. आणि त्याने त्यांना उठवून खिडकीत नेऊन बसवलं.

आता सांगायचं तरी कसं? ‘अण्णा, तसा नियमच नाहीये.’ इतकंच वाक्य. पण नियम नाही म्हटलं की नियम कुणी केला, हे आलंच. अण्णा विचारणार नाहीत. ‘असं होय’ म्हणतील. मग देवळातल्या मंडळींना काय सांगतील? आज तिथे कौतुकाने सांगण्यासारखं काहीतरी आहे त्यांच्याजवळ. ते घ्यायचं काढून, की हिरड्या बसत जातात तसं हेही आपोआप बसू द्यायचं, तिथला डॉक्टर कवळी करून देईल, आणि मग यायला काही कारणच…

वाक्य पुन्हा जुळवलं त्याने. अण्णा, तसा नियम. पाणी तोंडात गेलं. पुन्हा. अण्णा, तुमच्यासाठी. पुन्हा.

श्वासासाठी मान वळली तशी सवयीने नजर बाकाकडे गेली. कुणाचा तरी ओला टॉवेल पडला होता तिथे, दुसरं काही नाही. त्याने तरीही पाय जरा जोरात मारले.