मोक्पोच्या वाटेवरचा पियानो

मित्रांनो, जुन्या मोटारीत चालकाशेजारी, पुढच्या फळीवर एक आडवी फट असते. तिच्यात कॅसेट सरकवली की गाणे सुरू होते. ती फट म्हणजे माझे तोंड. कोरियातल्या इंचॉनच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि ग्युसोक यांच्या गाडीत माझी उभी हयात गेली.

हमरस्त्यावरच्या थांब्यांवर ते अक्रोडाच्या गरम केकबरोबर 'त्रोत' गाण्यांच्या कॅसेटी घेत. ठसकेबाज ठेका, रडवेले शब्द आणि एकाला लागून दुसरे गाणे. पुष्कळ लोक या गाण्यांना हलके म्हणतात. मला हा निवाडा मान्य नाही. जे गाणे चालकाची झोप उडवते आणि मागे बसलेल्या चिमुरडीला टाळ्या पिटायला लावते, ते हलके कसे? ती चिमुरडी म्हणजे त्यांची लेक दासोल. पुढे ती मोठी झाली, स्वतःची गाणी कानांत घालून बसू लागली आणि माझ्यावर धूळ साचली.

एक शिरस्ता मात्र टिकून होता. चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला अंदोंगच्या वडिलोपार्जित घरी जाताना ग्युसोक यांची गाणी वाजत. पूर्वजांची पूजा आटोपून पत्नीच्या, मिर्योंगबाईंच्या, माहेरी मोक्पोला निघाले की पियानोची कॅसेट. बाई शाळेत संगीत शिकवत; तेव्हा त्यांना हेच आवडणार, असे सासरी सर्वांनी गृहीत धरले होते. ग्युसोक विचारत, "काय लावू?" बाई म्हणत, "काहीही चालेल." की लागला पियानो.

गेल्या चुसोकला ग्युसोक पहाटेपासून पूजेत उभे होते. दुपारी मोक्पोच्या वाटेवर पियानो चालू असताना वाहनांची रांग कशीबशी सुटली, गाडीने वेग घेतला आणि त्यांची मान कलंडली. रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्टीवर चाके खडखडली.

"अहो!" बाई किंचाळल्या. ग्युसोक यांनी दचकून गाडी सावरली आणि पुढच्या थांब्यावर उभी केली.

"डोळा लागला होता ना?"

"नाही गं, नुसता मिटला होता."

"बाबा, मिटला म्हणजे लागलाच," दासोल म्हणाली.

बाईंनी माझे बटण दाबले. "आधी ही अंगाई बंद! तुमची ती आरडाओरड्याची कॅसेट कुठंय?"

"तुला ती आवडत नाही ना?"

"कोण म्हणालं? माझी आई बंदरावर हीच गाणी गात सुकी मासळी विकते. तुमच्याकडे सगळे 'पियानोवाली सून' म्हणून मिरवत होते, मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

"अगं, पण मी विचारायचो की!"

"विचारायचात, आणि माझं तोंड मिटायच्या आत बटण दाबायचात. उठा. मी चालवते. चालवील त्याचं गाणं."

"म्हणजे हा पियानो नको म्हणून इतकी वर्षं मी कान फुकट बंद केले?" दासोल हसत म्हणाली आणि तिने कानांतले इअरफोन काढून ठेवले.

मिर्योंगबाई मोक्पोपर्यंत गळा मोकळा सोडून गायल्या. मासळीबाजाराच्या तोंडाशी त्यांच्या आई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कोण गं हा गोंगाट करतंय?" असे म्हणता म्हणता स्टिअरिंगमागे लेक दिसली, आणि पुढची ओळ त्यांनीच उचलली. त्या वेळी माझ्यातली फीत ताणली गेली असावी. आवाज थोडा कापला.

मित्रांनो, लवकरच माझ्या जागी चकचकीत स्क्रीन बसणार आहे. तिलाही जपा, धुळीत टाकू नका. पण माझे खरे मागणे निराळे आहे. प्रवासात तुमची आई "काहीही चालेल" म्हणाली, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. पुन्हा विचारा, आणि ती बोलेपर्यंत बटणाला हात लावू नका.