शेवटचा विस्तव

इंद्रकुमारने भुशाची अख्खी टोपली भट्टीत उलटी केली आणि वर पेटता बोळा फेकला.

"एवढा कायले टाकला, शेठ?" कवडू म्हणाला. "मूठभर पुरे होता."

"होऊन जाऊ दे एकदाचं."

कवडू दरेकशाकडचा, जुनी बांधकामं पाडायचे ठेके घेणारा. सकाळी त्याचा जेसीबी गोंदियातल्या या बंद राइस मिलच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि तिथेच घोडं अडलं. थंड चूल त्याची माणसं फोडत नाहीत. तिला शेवटचा विस्तव द्यायचा, तो आपणहून विझू द्यायचा, मग हात लावायचा. पाणी ओतून विझवली तर पाडणाऱ्याच्या घरची चूल विझते म्हणे. आणि वर्षानुवर्षं लोकांचं धान उकडणारी भट्टी, ती चूल नाही तर काय?

इंद्रकुमारने वाद घातला नाही. त्याला वेळच नव्हता. दुपारी नगर परिषदेची वारसा समिती येणार होती. तिने आजोबांची ही विटांची चिमणी जपायची म्हणून ठरवलं की तिला कुणी हात लावू शकणार नव्हतं, आणि चिमणीसकट जागा घ्यायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. मिल बंद पडल्यापासून हे भूत तो मानगुटीवर घेऊन फिरत होता. आज ते उतरवायचंच होतं.

पण उतावळेपणात तो भुशाचा स्वभाव विसरला. भुसा भडकत नाही, धुमसतो. मिलच्या अंगणात रांगायला शिकलेल्या माणसाने हे विसरावं, म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं झालं. चिमणीतून आधी बारीक रेघ निघाली, मग पांढरे लोटच्या लोट. पार फुलचूरपर्यंत दिसावा असा धूर.

"किती वेळ लागेल?"

"आता तोच सांगंल," कवडूने भट्टीकडे बोट केलं आणि सावलीत जाऊन बसला.

फाटकाची कडी वाजली. इंद्रकुमारने वळून पाहिलं. समिती इतक्यात?

समिती नव्हती. डोक्याला फडकं बांधलेली, हातात डबा घेतलेली एक म्हातारी आत आली. तिच्यामागे आणखी दोघी, मग चारपाच जणी. म्हातारीला त्याने चालीवरून ओळखलं. धुरपता. अंगणात धान वाळवणाऱ्या बायांची ही पुढारीण.

"धूर दिसला," ती म्हणाली. "म्हटलं, मिल चालू झाली."

या मिलला भोंगा कधीच नव्हता. हंगामात चिमणीतून धूर निघाला की धान उकडायला लागलं हे वस्तीला कळायचं. मग बाया निघायच्या आणि उन्हात पसरलेलं धान दिवसभर पायांनी फिरवायच्या. इंद्रकुमारला हे आता आठवलं.

"काऊन निरोप नाही धाडला, भाऊ? आमी येऊन राहिलो तं पोरी हासून राहिल्या. म्हणे, बुडी चालली धूर पाहून."

मिल पाडतोय, एवढे दोनच शब्द सांगायचे होते. त्याने तोंड उघडलं.

"धान नाही आलं अजून," तो म्हणाला.

हे 'अजून' कुठून आलं, त्याचं त्यालाच कळेना.

"येईल ना. तवर अंगण झाडतो आमी."

अंगणात गुडघाभर गवत माजलं होतं. तरी धुरपताने काठावर चपला काढल्या. बाकीच्यांनीही काढल्या, भिंतीलगत, पूर्वीच्याच जागी. मग तिची नजर जेसीबीकडे गेली. वर बसलेल्या चालकाला, उमेंद्रला, ती सरळ म्हणाली, "गाडी अंगणातून खाली घे, बापू. इथं लोकायचं खायाचं धान वाळते. चप्पल बी चालत नाही."

उमेंद्रने शेठकडे पाहिलं. कवडूनेही पाहिलं. शेठ खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होता. पायात बूट होते, अंगणाच्या ऐन मध्यावर. लहानपणी याच्यासाठी आजोबांनी कान पिळला होता. आज बोलायला कोणी नव्हतं आणि त्याला त्याचीच जास्त लाज वाटली.

"घे खाली," तो म्हणाला.

जेसीबी मागे सरकत फाटकाबाहेर गेला. इंद्रकुमार काठावर आला, बूट काढले, चपलांच्या शेजारी ठेवले. बाया गवत उपटत, झाडत पुढे सरकत होत्या आणि त्यांच्यामागे आजोबांच्या वेळची फरशी उघडी पडत होती. खिशातला फोन थरथरला. गिऱ्हाईकाचा होता. थरथरून थरथरून तो थांबला.

फाटकाशी गाडी उभी राहिली. समितीच्या प्रेरणा मॅडम उतरल्या आणि मान वर करून धुराकडे बघत राहिल्या.

"इंद्रकुमारजी, ही मिल बंद आहे असं आम्हाला सांगितलं होतं. मग हा धूर कसला? आणि बाहेर हा जेसीबी?"

कवडू उठून उभा राहिला. कचरा जाळतोय, एवढं म्हटलं तरी निभावलं असतं. उद्या पुन्हा बघता आलं असतं. धुरपता खराटा थांबवून त्याच्याकडे बघत होती.

उत्तराची वाट न बघता मॅडम अंगणाकडे निघाल्या.

"मॅडम," इंद्रकुमार म्हणाला, "सँडल तिथंच काढा."