नऊ नंबरपुढचा बाण

पेनल्टी शूटआउट म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ असं जे म्हणतात, त्यांनी मास्तरांची बाटली कधी पाहिलेली नसते.

मास्तर हे फुटबॉल संघातल्या गोलकीपरांचे प्रशिक्षक. बाद फेरीचा सामना आला की समोरच्या संघाचे जुने व्हिडिओ ते डोळे लाल होईस्तोवर बघायचे. मग पांढऱ्या चिकटपट्टीवर एकेका खेळाडूचा नंबर आणि त्याच्यापुढे एक बाण: हा गोलकीपरच्या डाव्या हाताला मारतो, हा उजव्या. ती पट्टी जायची गोलकीपरच्या पाण्याच्या बाटलीवर. प्रत्येक किकआधी तो घोटभर पाणी प्यायचा, ते काही तहान लागली म्हणून नव्हे. उपांत्य फेरीत या बाणांनी दोन गोल वाचवले आणि संघ राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला.

आणि तिथे समोरच्या संघातला नऊ नंबर होता मास्तरांचा मुलगा.

मुख्य प्रशिक्षकांनी आठवडाभर आधीच विषय काढला होता. "मास्तर, या वेळची पट्टी दुसऱ्या कुणाला करू दे. अविश्वास नाही हो, पण शेवटी बापाचं मन."

मास्तरांना ते चांगलंच झोंबलं. "एकवीस वर्षं या क्लबचं मीठ खातोय मी. मुलगा घरी मुलगा. पट्टी मीच करणार."

बोलायला काय जातं! सामन्याच्या सकाळी ड्रेसिंग रूममधल्या बाकावर बसून त्यांनी दहा जणांचे बाण झरझर काढले. नऊ लिहिला आणि पेन अडलं.

व्हिडिओ सांगत होते, मुलगा बहुतेक वेळा डावीकडे मारतो. दुसऱ्या कुणीही डोळे मिटून डावा बाण काढला असता. पण मास्तरांनी घरामागच्या भिंतीवर खडूने गोल आखून, स्वतः त्याच्यापुढे उभं राहून, या पोराच्या हजारो किक अडवल्या होत्या. पोरगा मजेत असला की कुठेही मारायचा. पोटात गोळा आला की मात्र चेंडू हमखास मास्तरांच्या उजव्या हाताला, जमिनीलगत. हे साऱ्या जगात त्या दोघांनाच ठाऊक होतं. उजवा बाण काढणं म्हणजे पोटच्या पोराचं गुपित विकणं, आणि डावा काढणं म्हणजे आजोबाचा गळा कापणं.

आजोबा म्हणजे त्यांचा गोलकीपर. वय सदतीस, संघात सगळ्यांत थोरला म्हणून आजोबा. याआधी दोन अंतिम सामने हरलेला. हा सामना झाला की तो हातमोजे कायमचे काढणार होता. "बाण तुम्ही काढा, उडी मी मारतो," तो नेहमी म्हणायचा. "डोकं तुमचं, गुडघे माझे. गुडघेही आता भाड्याचेच आहेत म्हणा."

नव्वद मिनिटांत निकाल लागला तर पट्टी लागणारच नाही, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली आणि पेन खिशात टाकलं.

निकाल काही लागला नाही. एक-एक बरोबरी, जादा वेळही कोरडाच गेला. आता पाच-पाच पेनल्टी किकांवर फैसला. आजोबा बाटली न्यायला मैदानाकडेच्या बाकापाशी आला तेव्हा मास्तरांचा हात खिशात गेलाही होता. नुसती एक रेघ ओढायची होती. पण हात तिथेच अडला आणि बाटली तशीच गेली.

दोन्ही संघांचे चार-चार गोल झाले. मग आजोबाच्या संघाची पाचवी किक खांबावर आपटली. आता समोरच्या संघाची एकच किक उरली होती. नऊ नंबर चेंडू घेऊन सावकाश चालत आला. आजोबाने बाटली उचलली, घोट घेतला, पट्टीवर बोट फिरवलं. बोट थांबलं. त्याने मान वर करून सरळ बाकाकडे पाहिलं. मास्तर आपल्या बुटांकडे बघत राहिले. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आजोबा शेवटच्या क्षणापर्यंत थांबला आणि उजवीकडे झेपावला. चेंडू डावीकडून जाळ्यात गेला.

मुलाचे सोबती त्याच्या अंगावर झेपावायला धावले, पण तो त्यांना चुकवून थेट बाकाकडे आला आणि त्याने बापाला मिठी मारली.

"बाबा, मला माहीत होतं, तुम्ही उजवा बाण काढणार!" त्याला धाप लागली होती. "पाय लटपटत होते माझे. म्हटलं, दुसरा कुणी असता तर मुलासाठी काणाडोळा केला असता, आमचे बाबा नाही करायचे. तेवढ्या एका भरवशावर डावीकडे मारला."

आजोबा मागे येऊन उभा होता. "काढला होता रे," तो म्हणाला. "मी गेलोच ना उजवीकडे? बघितलंस की."

आता मास्तरांनी फक्त गप्प बसायचं होतं. दोघांनी मिळून त्यांची अब्रू झाकली होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "तुझ्या नंबरपुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. हा स्वतःच्या अंदाजाने गेला."

मुलाचे हात त्यांच्या पाठीवरून हळूहळू सुटले. तो बापाकडे बघेना. आजोबाकडे बघून "दादा, माफ करा" एवढंच कसंबसं म्हणाला. तेवढ्यात त्याच्या संघाने त्याला खांद्यांवर उचलून नेलं. त्या खांद्यांवरही त्याची मान खालीच होती.

आजोबा गवतावर बसला आणि हातमोजे काढू लागला. "एवढं काय मनाला लावून घेता, मास्तर? उजवा बाण काढला असतात तरी मी तिकडेच गेलो असतो आणि हरलोच असतो."

"हो, हरला असतास," मास्तर म्हणाले. "पण मी सोबत असताना हरला असतास. आज तुला मी एकट्याला सोडलं."

मास्तरांनी त्याला उठवायला हात पुढे केला. त्याने तो पाहिला, मग गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून स्वतःच उठला आणि हरलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.