फणसाच्या गाठीची काठवट

अंबाजी सुताराच्या घरात काठवट नव्हती. बोर्ली पंचतनच्या आसपासच्या सगळ्या कोळीवाड्यांत होड्या दुरुस्त करायला अंबाजीला बोलावणं यायचं, आणि त्याची बायको चंद्राबाई मात्र रोज संध्याकाळी भाकरीचं पीठ मळायला शेजारच्या सत्यवतीची काठवट मागून आणायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं सत्यवती काठवट देताना एकच वाक्य बोलत आली होती, "ने, पन घासून आन गो." चंद्राबाई घासूनच परत द्यायची. पण ते ऐकताना तिचा जीव रोज थोडा थोडा जळायचा.

घरात लाकूड नव्हतं अशातला भाग नाही. अंगणात लाकडाचे ओंडके इतके पडलेले असत की पाहुण्यांना पाय ठेवायला जागा शोधावी लागे. पण लग्नानंतर आठव्या दिवशी अंबाजीने नव्या नवरीला परसातल्या फणसाच्या बुंध्यावरची गाठ दाखवली होती. चांगली भोपळ्याएवढी गाठ. "हिची अखंड काठवट करीन तुला," तो म्हणाला होता, "अशी पंचक्रोशीत कोनाकडे न्हाय." तेव्हापासून साध्या लाकडाची काठवट करणं म्हणजे दिला शब्द मोडणं, असं त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. चंद्राबाईने विषय काढला की तो उठून फणसाकडे जायचा, गाठीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि सांगायचा, "अजून पिकतेय."

गाठ आतून पोकळ होती. तिचा आवाज ऐकून वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ते कळत होतं. अंबाजीला मात्र त्यात पिकलेल्या लाकडाचा नाद ऐकू यायचा.

एस.टी. बोर्लीपर्यंत यायला लागली त्या सुमाराची गोष्ट. गणपती पंधरा दिवसांवर आले असताना चंद्राबाई म्हणाली, "यंदा बाप्पाची उकड मी लोकांच्या काठवटीत मलनार न्हाय. माजी काठवट आली तर मोदक, न्हायतर गूळखोबरं."

तिने आवाज चढवला नाही. त्याचीच अंबाजीला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने करवत लावली. गाठ सुटी होऊन खाली पडली आणि तिच्यातून आधी काळ्या मुंग्या निघाल्या, मग भुसा निघाला, मग आणखी मुंग्या निघाल्या. अंबाजी तिथेच मटकन बसला. त्याला खरोखर रडू आलं. अकरा वर्षं तो बायकोला मुंग्यांचं घर देऊ करत होता.

डोळे पुसून त्याने गाठ उलटीपालटी करून पाहिली. काठ जाड होते, पोट छान गोल होतं, कोरायचं निम्मं काम मुंग्यांनीच उरकलं होतं. अडचण एकच होती. बुडाला रुपयाएवढं भोक होतं.

आता भोक म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या सुताराने त्यात लाकडाची खुंटी ठोकली असती. पण अंबाजीचा जन्म होड्यांखाली गेला होता. त्याने सवयीने तेच केलं जे होडीच्या भोकाला करतात. कापसाची वात वळली, राळ वितळवली, तीत मुशीचं तेल घातलं आणि त्या लगद्याने भोक ठासून बंद केलं. मुशी हा मासा, आणि त्याच्या तेलाचा वास काय असतो हे ज्याने तो घेतलाय त्यालाच माहीत. अंबाजी तो वास रोज घेत होता, म्हणून त्याला तो येतच नव्हता. वरून लगदा वाळला, वास आतच कोंडला, काठवट घासूनपुसून लखलखीत झाली. चंद्राबाईने ती दोन्ही हातांनी उचलली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. अंबाजीला वाटलं, जिंकलो.

चतुर्थीला सकाळी चंद्राबाईने तांदळाची उकड काढली आणि वाफाळती उकड नव्या काठवटीत ओतून मळायला घेतली. होडी बिचारी कायम थंड पाण्यात असते. उकडीच्या वाफेने राळ मऊ पडली, वात सुटली आणि मुशीचं तेल हळूहळू वर आलं. दर्शनाला आलेला भिकू तांडेल ओटीवर हात जोडून उभा होता. त्याने डोळे मिटले होते ते उघडले, नाक वर केलं आणि भक्तिभावानेच विचारलं, "अंबाजी, कोनाची होडी काडलीस रे तेल लावायला?"

चंद्राबाईने उकड टाकून दिली, तीन वेळा हात धुतले आणि कुंपणापाशी गेली. सत्यवतीने काठवट दिली. "ने, पन घासून आन गो," ती म्हणाली आणि सणाचं म्हणून पुढे जोडलं, "आनि आधी हात घास."

त्यानंतर आठवडाभर अंबाजी गाठीसाठी नवनवे उपयोग शोधत होता. तुळस लावू या, तो म्हणाला. तुळशीला मुशीचा वास देऊ नका, चंद्राबाई म्हणाली. पालथी घालून बसायला घेऊ या. तुमीच बसा. तो बसला, आणि दिवसभर मांजरं त्याच्या मागे फिरली. भिकूने होडीतलं पाणी उपसायला ती मागितली, मग भोक पाहून परत दिली. शेवटी गाठ परसात पडून राहिली आणि अंबाजी त्या बाजूला जायचाच बंद झाला.

दिवाळीनंतर चंद्राबाईच्या कोंबडीने नऊ पिल्लं काढली. सगळ्या वाडीत पिल्लं बांबूच्या डालग्याखाली झाकत, आणि सगळ्या वाडीत मुंगूस डालगं उलथून ती नेत असे. चंद्राबाईने डालगं बाजूला सारलं आणि ती गाठ पालथी घातली. जड इतकी की मुंगसाला हलेना. भोकातून पिल्लांना हवा मिळे. मुंगूस एकदा त्या भोकाशी नाक लावून गेलं, शिंकलं आणि पुन्हा फिरकलं नाही. नऊच्या नऊ पिल्लं वाढली आणि बाहेर हिंडायला लागली. पलीकडे सत्यवतीच्या अकरांतली चार उरली होती.

सत्यवती कुंपणाशी आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "चंद्रा, ती तुजी काठवट जरा देतेस काय गो? चार तरी वाचतील."

अंबाजी ओटीवर रंधा मारत होता. त्याचा हात थांबला.

"न्या की, वयनी," चंद्राबाई म्हणाली. "पन घासून आना." मग जराशाने, "आनि तवर तुमची माज्याकडे ऱ्हाव द्या."

पिल्लं काही दोन दिवसांत मोठी होत नाहीत. पंधरा दिवस सत्यवतीने ताटात पीठ मळलं, ते अर्धं जमिनीवर गेलं. मग ती अंबाजीकडे आली. "मला एक साधी काठवट करून दे बाबा. गाठीची बिठीची नको."

अंबाजी खूश झाला. अंगणातला फणसाचा एक सरळ ओंडका घेतला, तासला, कोरला, घोटला. काठवट अशी उतरली की तिच्यावरून हात फिरवावा. चंद्राबाईनेही फिरवला.

"किती दिस लागले?" तिने विचारलं.

"दोन," अंबाजी छाती काढून म्हणाला, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो.

"दोन," चंद्राबाई म्हणाली.

तिने नवी काठवट उचलून आपल्या चुलीपाशी नेऊन ठेवली. सत्यवतीची जुनी काठवट तिने कुंपणावरून सत्यवतीला परत दिली. घासून.