बाबांनी रक्तदाब दुरुस्त केला

आठवड्यात तिसऱ्यांदा बाबांचा घोळणा फुटला तेव्हा ते दाढी करत होते. ब्लेड लागलं असं त्यांचं म्हणणं पडलं. नाकाच्या आत दाढी करणारा माणूस आमच्या घरात आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आमच्या घरी घोळणा फुटला की मान मागे टाकून आडवं व्हायची पद्धत होती. बाबा तसे पडायचे आणि छताकडे बघत पंख्याचे दोष सांगायचे. उठले की घेरी यायची. मग भिंत धरून, भिंत सरळ आहे का ते तपासत असल्यासारखा चेहरा करायचे.

"उष्णता," आई म्हणाली.

"नाकातलं बोट," मी म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बाबा कारखान्यात प्रेशर गेज तपासतात. बॉयलरच्या वीस फूट उंच शिडीवर चढून गेज काढायचं, टेबलावर आणून तपासायचं, चिठ्ठी लावायची आणि परत चढवायचं. सव्वीस वर्षं हेच. आता त्या शिडीवर त्यांना घेरी आली तर खाली सिमेंट होतं, आणि सिमेंटबद्दल आमच्या घरात कुणाचेच मतभेद नव्हते.

म्हणून आईने मावशीला बोलावलं. मावशी नर्स आहे. तिने घड्याळासारख्या तबकडीचं आपलं रक्तदाबाचं यंत्र आणलं, बाबांच्या दंडाला पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या.

"भावोजी, एकशे नव्वद. एकशे वीसच्या आसपास हवा."

"काटा चुकतोय," बाबा म्हणाले.

"माझा काटा बरोबर आहे. तुमच्या डोक्यातली एखादी नस फुटली म्हणजे पटेल का?"

"ठेवून जा. बघतो."

गेजवाल्या माणसाकडे यंत्र ठेवून जायचं नसतं, हे मावशीला सुचलं नाही. बाबांनी पेचकस घेतला, तबकडी उघडली, काटा फिरवणारा आतला दुवा केसभर सरकवला. दोन दिवसांनी मावशी आली तेव्हा बाबा बरोबर एकशे वीस.

"झालं दुरुस्त," बाबा म्हणाले.

मावशीला शंका आली. तिने आईला पट्टा बांधला. शहात्तर. मला बांधला. चौऱ्याहत्तर.

"तुम्ही दोघं बेशुद्ध असायला हवं," मावशी म्हणाली.

"मला तर भूक लागलीय," मी म्हणालो.

"याला मीठ कमी पडत असेल," बाबा म्हणाले.

मावशीने यंत्र मांडीवर ठेवलं. "भावोजी, हे कशाशी जुळवलंत?"

बाबा पेचकस पुसू लागले.

"कशाशी जुळवलंत?"

"माझ्याशी," बाबा म्हणाले. "मी ठणठणीत आहे. ठणठणीत माणसाला एकशे वीस असतं. तूच म्हणालीस."

एवढं बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. कारखान्यात कुणी गेज बॉयलरशी जुळवून आणलं असतं, तर बाबांनी त्याला शिडीखाली उभं करून सर्वांदेखत सोलून काढलं असतं. गेज जुळवायचं ते पाऱ्याच्या उभ्या नळीशी. पारा कुणाचा मेव्हणा नसतो, हे त्यांचंच वाक्य.

रविवारी बाबा, मावशी आणि मी कारखान्यातल्या त्यांच्या तपासणीच्या खोलीत गेलो. बाबांनी यंत्राची रबरी नळी पाऱ्याच्या नळीला जोडली आणि फुगा दाबला. पारा चढून एकशे नव्वदवर थांबला. यंत्राचा काटा एकशे वीसवर. बाबांनी तीनदा केलं. मग निमूटपणे लाल चिठ्ठीवर 'नापास' लिहिलं, सही केली, तारीख टाकली, यंत्राला चिकटवली. दुवा मूळ जागी आणला, पुन्हा तपासलं. पारा आणि काटा बरोबरीने चढले. हिरवी चिठ्ठी.

"आता घे," ते म्हणाले आणि बाही वर केली.

एकशे ब्याण्णव.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. यंत्राबद्दल म्हणाले, पण चेहरा उतरला.

"नुसत्या दाबावर ढकलून चालणार नाही," मावशी म्हणाली. "बॉयलरजवळच्या कोरड्या हवेने नाक आतून तडकतं. गुडघ्यासाठी मनानेच गोळ्या गिळता, त्यातल्या काहींनी रक्त लवकर थांबत नाही. घेरी रक्त कमी असल्यामुळेही येते. डॉक्टर तपासतील. आणि मान मागे टाकू नका, रक्त घशात जातं. बसून पुढे वाका, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा."

"दहा मिनिटं? तोवर बोलायचं कसं?"

"तोच तर फायदा," मावशी म्हणाली.

बाबांनी फोरमनला फोन लावला. "उद्या शिडीवर दुसऱ्या कुणालातरी चढव. माझा काटा लाल पट्ट्यात आहे. नाही, मस्करी नाही. मी स्वतः तपासलंय."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. बाबा 'हं, हं' करत राहिले. मग फोन ठेवून त्यांनी मावशीला विचारलं, "रविवारी कुठला डॉक्टर असतो?"

"माझ्या दवाखान्यातले. एकपर्यंत."

साडेबारा वाजले होते. जिना उतरताना बाबांनी माझा दंड धरला आणि दर पायरीला सांगत राहिले, सावकाश चाल, तू पडशील.